जोखीम कोणाची, निर्णय कोणाचा?

बाद फेरीचा सामना तोंडावर आला आहे आणि संघातला सर्वांत नामांकित खेळाडू म्हणतो, मी खेळणार नाही. त्याचे अंग खरोखर दुखते आहे की त्याचा डोळा महिन्याभराने सुरू होणाऱ्या कोट्यवधींच्या स्पर्धेवर आहे, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नसतो. तरी मत मात्र लगेच तयार होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या जालन्यात, मुंबईपासून चारशे किलोमीटर दूर, मी अशी मते भरपूर ऐकली. ‘पैसा दिसला की घर विसरतात’ हे एक मत. ‘शिर सलामत तर पगडी पचास, त्याने का म्हणून अंग मोडून घ्यावे’ हे दुसरे. दोन्ही मते ठाम होती आणि दोन्हींत हिशेब अर्धाच मांडलेला होता. तो हिशेब पुरा मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी घटना. श्रेयस अय्यर हा मुंबईचा आणि भारताचा फलंदाज. २०२३ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची आयपीएल पूर्ण हुकली. वर्षाखेरीच्या विश्वचषकात त्याने ५३० धावा केल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या दोन कसोटींनंतर तो भारतीय संघाबाहेर गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस रणजी करंडकाची उपउपांत्य लढत होती, मुंबई विरुद्ध बडोदा. पाठदुखीमुळे आपण उपलब्ध नाही, असे अय्यरने कळवले. त्याच सुमारास, राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या मते त्याला नवी दुखापत नाही, अशा बातम्या छापून आल्या. २८ फेब्रुवारीला भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने वार्षिक करारांची यादी जाहीर केली. आदल्या यादीत तीन कोटी रुपयांच्या ‘ब’ श्रेणीत असलेला अय्यर तीत नव्हता. झारखंडचा ईशान किशनही नव्हता. कारण स्पष्ट शब्दांत दिले नव्हते, पण देशाकडून खेळत नसताना खेळाडूंनी देशांतर्गत स्पर्धांना प्राधान्य द्यावे, हे वाक्य त्याच निवेदनात होते. वाचणाऱ्यांनी दोन ओळी जोडून घेतल्या.

हा प्रश्न याआधी सर्वांत रोखठोकपणे विचारला गेला तो अमेरिकेत, म्हणून तिकडे एक फेरफटका मारू. तिथले फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन, अंगावर अंग घालून खेळायचा खेळ. महाविद्यालयीन संघांचा हंगाम उन्हाळा सरता सरता सुरू होतो आणि नोव्हेंबरअखेर साखळी संपते. मग डिसेंबर-जानेवारीत चांगल्या संघांना निमंत्रणाचे सामने मिळतात. त्यांना ‘बाउल’ म्हणतात, वाडग्यासारख्या गोल मैदानांवरून पडलेले नाव. यांतल्या बहुतेक सामन्यांनी विजेतेपद ठरत नाही. ती एक प्रकारची जत्रा असते. शहराला गिऱ्हाईक मिळते, वाहिन्यांना प्रेक्षक, विद्यापीठांना पैसा आणि जुन्या विद्यार्थ्यांना मिरवायला कारण. खेळाडूला त्या काळात पगार नव्हता. शिष्यवृत्ती आणि नाव, एवढेच. त्याची खरी कमाई एप्रिलमध्ये ठरायची. तेव्हा व्यावसायिक संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात आणि निवड जितकी वरच्या क्रमांकावर, तितका पहिला करार मोठा.

१ जानेवारी २०१६ रोजी नोत्र दाम विद्यापीठाचा जेलन स्मिथ अशाच एका सामन्यात उतरला. पहिल्या पाचांत निवडला जाईल असे ज्याच्याबद्दल बोलले जात होते, त्याचा गुडघा त्या दिवशी फाटला आणि मज्जातंतूलाही इजा झाली. एप्रिलमध्ये तो ३४ व्या क्रमांकावर निवडला गेला. मधल्या तीसेक पायऱ्यांचे मोल कोट्यवधी रुपयांत होते आणि ते त्याला पूर्ण भरून मिळाले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लेनर्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोन नामांकित खेळाडूंनी आपापल्या संघाचा बाउल सामना खेळणार नसल्याचे जाहीर केले. टीका पुष्कळ झाली. एप्रिल २०१७ मध्ये फोर्नेट चौथ्या आणि मॅकॅफ्री आठव्या क्रमांकावर निवडला गेला. त्यानंतर दर हिवाळ्यात असे नकार येऊ लागले. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जे सामने थेट राष्ट्रीय विजेतेपदाकडे नेतात, ते सोडून देणारा खेळाडू क्वचितच सापडतो. म्हणजे ही मंडळी खेळाला कंटाळलेली नव्हती. ज्या सामन्याने आपल्या हाती काही पडत नाही आणि जाऊ शकते मात्र सगळे, तो सामना ती नाकारत होती.

आता हाच ताळा रणजी करंडकाला लावून पाहू. २०२४ मध्ये रणजी सामन्याचे मानधन अनुभवानुसार होते. चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार रुपये, ही वरची पायरी. पाच दिवसांच्या बाद फेरीच्या लढतीचे तीन लाख होतात. कोलकात्याच्या आयपीएल संघाने अय्यरला २०२२ च्या लिलावात १२ कोटी २५ लाखांना घेतले होते. एका पारड्यात तीन लाख, दुसऱ्यात त्याच्या चारशेपट. शिवाय पाठ एकदा कापलेली. एवढे मांडले की ‘पैसा दिसला की घर विसरतात’ म्हणणाऱ्याने क्षणभर थांबायला हवे. चारशेपट फरक त्या खेळाडूने निर्माण केलेला नाही. तो ज्यांनी निर्माण केला, त्याच मंडळाचे रणजी आणि त्याच मंडळाची आयपीएल.

पण रणजी म्हणजे बाउल नव्हे, हेही तितकेच खरे. अमेरिकेतला तो सामना मुख्य हंगाम संपल्यावरचा. रणजीची उपउपांत्य फेरी ही विजेतेपदाकडे जाणारी सरळ वाट. तिथे माघार घेणारा जत्रा सोडत नाही, घरचे कार्य सोडतो. आणि रणजी या व्यवस्थेचे मूळ आहे. आमच्या जालन्याचाच दाखला देतो. विजय झोल या आमच्या शहरातल्या मुलाने २०११ मध्ये कूचबिहार करंडकात, म्हणजे १९ वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेत, आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. पुढे रणजी पदार्पणातच त्याने द्विशतक ठोकले. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्राने उपउपांत्य फेरीत मुंबईला मुंबईतच हरवले, तेव्हा शतकवीर केदार जाधवसोबत शेवटपर्यंत नाबाद उभा होता तो झोल. त्यानंतर महिन्याभराने तो १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व करत होता. जालन्यासारख्या ठिकाणच्या मुलाला लिलावात नाव पुकारले जाण्याआधी असेच सामने लागतात आणि समोर मुंबईचा खरा संघ लागतो. मोठे खेळाडू येईनासे झाले, की लहान गावच्या मुलाच्या धावांचे वजनही उतरते. म्हणून देशांतर्गत स्पर्धा जपा हे मंडळाचे म्हणणे पोकळ नाही.

मात्र मोठा खेळाडू नसला की सामना पडतो, ही समजूत त्याच लढतीने खोटी ठरवली. अय्यरविना उतरलेल्या मुंबईसाठी १८ वर्षांच्या मुशीर खानने नाबाद २०३ धावा केल्या. दुसऱ्या डावात दहाव्या क्रमांकावरचा तनुष कोटियन नाबाद १२० आणि अकराव्या क्रमांकावरचा तुषार देशपांडे १२३. दोघांची भागीदारी २३२ धावांची. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजाने एकाच डावात शतक करण्याची प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ही दुसरीच वेळ. पहिली १९४६ ची, ओव्हलवर सरेविरुद्ध, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांची. मुंबई पुढे गेली. अय्यर उपांत्य आणि अंतिम सामन्याला परतला. अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध दुसऱ्या डावात त्याने ९५ धावा केल्या, पाठ पुन्हा दुखू लागली आणि शेवटच्या टप्प्यात तो क्षेत्ररक्षणाला उतरू शकला नाही. मुंबईने ४२ वे विजेतेपद मिळवले. दुखणे खरे होते की बहाणा, यावर फेब्रुवारीत रंगलेल्या चर्चांना मार्चमधली ती पाठ हे पुरेसे उत्तर होते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारी २०२५ मध्ये मंडळाने देशांतर्गत सामने खेळणे सक्तीचे केले आणि रोहित शर्मा जवळजवळ दहा वर्षांनी मुंबईकडून रणजीत उतरला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर गर्दी लोटली. रोहितने ३ आणि २८ धावा केल्या, जम्मू-काश्मीरने मुंबईला पाच गडी राखून हरवले. त्या सामन्यात मुंबईच्या अकरा जणांत आयुष म्हात्रे नव्हता. तीन महिन्यांपूर्वीच महाराष्ट्राविरुद्ध १७६ धावा केलेला सतरा वर्षांचा सलामीवीर. मोठ्या खेळाडूच्या न येण्याने जसे नुकसान होते, तसे त्याच्या नावापुरत्या येण्यानेही होते. फक्त ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही.

इथे मला क्रिकेट सोडून कुस्तीकडे वळावे लागते, कारण आमच्या भागात शरीर पणाला लावणे म्हणजे काय हे लोक कुस्तीवरून ओळखतात. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात झाली. या स्पर्धेची रीत अशी, की माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी एकमेकांशी लढतात आणि जिंकेल त्याच्या खांद्यावर चांदीची गदा येते. आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी अभिजित कटके आला होता. किताब त्याच्याकडे होताच, पुन्हा हरण्याची जोखीम घ्यायलाच हवी होती असे नाही. अंतिम फेरीत बुलढाण्याकडून उतरलेल्या बाला रफिक शेखने त्याला हरवले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये कटके हिंदकेसरी झाला. हरलेला मल्ल गेला नाही, उलट लोकांच्या मनात पक्का बसला. खेळायला येण्याची किंमत असते तशी कमाईही असते, आणि ती पैशांतच मोजली जाते असे नाही.

पण कुस्तीगिराला ‘खेळायचे की नाही’ हा प्रश्न अमेरिकेतल्या फुटबॉलपटूसारखा पडतच नाही. त्याच्यासाठी महाराष्ट्र केसरी हीच एप्रिलमधली ती निवड असते. नरसिंग यादव २०११ ते २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, त्यापाठोपाठ विजय चौधरी २०१४ ते २०१६. दोघेही पोलीस खात्यात उपअधीक्षक झाले. बाकीचे मल्ल वर्षभर बदाम, दूध, तूप, मटण यांचा खुराक कशावर चालवतात? गावोगावच्या यात्रांतल्या फडांवर. चैत्रापासून सुरू होणाऱ्या या हंगामात हलगीच्या तालावर आज या गावी, परवा त्या गावी कुस्ती धरायची आणि इनाम घ्यायचे. खांदा दुखतो म्हणून दोन यात्रा सोडल्या तर घरचे शेतातले पैसे तालमीत येतात. म्हणजे सामना सोडण्याचा अधिकार हीसुद्धा एक मिळकतच आहे. ती ज्याच्याकडे आहे त्याच्यावर आपण रागावतो आणि ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे पाहतही नाही.

माघारीची किंमत कोणती, हेही कुस्तीनेच दाखवले. सुशील कुमार हा दोन ऑलिंपिक पदकांचा मानकरी. २०१५ मध्ये खांद्याच्या दुखापतीमुळे तो जागतिक स्पर्धेच्या निवड चाचणीला उतरला नाही. ७४ किलो गटात नरसिंग गेला, लास व्हेगासमध्ये कांस्यपदक मिळवले आणि रिओ ऑलिंपिकसाठी देशाची जागा पक्की केली. सुशीलने नंतर नव्याने चाचणीची मागणी केली. जून २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती फेटाळली. उत्तेजक प्रकरणात नरसिंगचेही रिओ हुकले, तो वेगळा विषय. इथे ध्यानात घ्यायचे ते एवढेच, की मैदान रिकामे राहत नाही. जो बसतो त्याच्या जागी कोणीतरी उभा राहतो आणि उभा राहिलेल्याचाही हक्क तयार होतो.

एवढ्या दाखल्यांवरून माझे म्हणणे असे. खेळायचे की नाही हा निर्णय त्याचा, ज्याचे शरीर मोडणार आहे. त्यात निष्ठा आणू नये. निष्ठा हा शब्द बहुधा तो वापरतो ज्याला काही गमवायचे नसते: आयोजक, वाहिनी, विद्यापीठ, आणि फुकटात पाहणारे आपण. मात्र या अधिकारासोबत खेळाडूवर तीन गोष्टी येतात. वेळेवर सांगणे, म्हणजे बदली खेळाडूला तयारीला दिवस मिळतात. खरे कारण सांगणे. भविष्याची चिंता आहे तर तसे सांगावे, खोटे दुखणे पुढे करू नये, नाहीतर खरे दुखणे असलेल्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. आणि परत आल्यावर जागा तशीच मिळेल ही अपेक्षा न धरणे.

आयोजकांवर एकच गोष्ट येते, पण ती मोठी: खेळाडू हवा असेल तर त्याची जोखीम वाटून घेणे. मंडळाला हे कळत नाही असे नाही. मार्च २०२४ मध्ये, करारांच्या त्या यादीनंतर दहा दिवसांनी, मंडळाने कसोटीपटूंसाठी प्रोत्साहन योजना जाहीर केली. एका कसोटीचे मानधन १५ लाख. हंगामातल्या ७५ टक्क्यांहून अधिक कसोटींत अंतिम अकरांत असलेल्याला दर कसोटीमागे आणखी ४५ लाख. खेळाडू जिथे हवेत तिथे पारडे जड करायचे, ही त्यामागची साधी समजूत. रणजीच्या बाद फेरीला तीच समजूत लावता येईल. विम्याचेही तसेच. वार्षिक करार असलेल्या खेळाडूची आयपीएल दुखापतीमुळे हुकली तर मंडळाच्या विम्यातून भरपाईची सोय आहे. करार नसलेल्या रणजीपटूला ही सावली नाही. म्हणजे खेळला नाही म्हणून करार काढून घेणे याचा अर्थ, खेळायला लावताना जे छत्र द्यायला हवे तेच काढून घेणे. शिक्षा म्हणून ती ठसठशीत दिसते, उपाय म्हणून उलटी आहे.

अय्यरची पुढची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. मे २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली कोलकात्याने आयपीएल जिंकली. नोव्हेंबरच्या लिलावात पंजाबने त्याला २६ कोटी ७५ लाखांना घेतले. एप्रिल २०२५ मध्ये त्याला करारही परत मिळाला. मला महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची, कमी चर्चा झालेली गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने मंडळाला कळवले, की पाठीच्या त्रासामुळे सहा महिने लाल चेंडूचे क्रिकेट खेळणार नाही. मंडळाने ते मान्य केले आणि कारणासह जाहीर केले. वर्षदीड वर्षापूर्वीचीच पाठ, जवळजवळ तीच मागणी. फरक एवढाच, की या वेळी ती आधी, उघडपणे आणि मुदत सांगून केलेली होती, आणि ऐकणाऱ्याने तिला निष्ठेच्या तराजूत घातले नाही. ऑक्टोबरात सिडनीच्या एकदिवसीय सामन्यात झेल घेताना त्याच्या प्लीहेला इजा झाली आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. लाल चेंडू सोडला म्हणून शरीर सुरक्षित झाले नाही. शरीर राखता येते, पेटीत ठेवता येत नाही. म्हणूनच ते कुठे खर्च करायचे याचा निर्णय ज्याचा त्याच्याकडे राहिला पाहिजे.

मंडळ मुंबईत आहे, त्याला आपण इथून काय सांगणार, असे कोणी म्हणेल. मग जवळचे सांगतो. येत्या चैत्रात जालना जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत फड भरतील. नामांकित मल्ल आला पाहिजे म्हणून इनामाचा आकडा फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिला जाईल. त्या आकड्याशेजारी आणखी दोन ओळी लिहिता येतील: आखाड्याजवळ डॉक्टर आणि रुग्णवाहिका हजर राहील, आणि दुखापत झालेल्या मल्लाचा उपचारखर्च व सावरेपर्यंतचा खुराक यात्रा समिती देईल. वर्गणीतून एवढे निघू शकते. त्यानंतरही एखादा मल्ल म्हणाला, दादा, या वेळी खांदा साथ देत नाही, मी येत नाही, तर त्याला पुढच्या वर्षीचे निमंत्रण देऊन फोन ठेवावा.